डाव्या चाकाचे दोन बोल्ट

१

मंगळवारी सकाळी जाहेदाबीनं दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात संतराम खालून वाकून आत आला. उजवा हात प्लास्टर घालून गळ्यात अडकवलेला, कपाळावर पट्टी आणि डाव्या हातात रुमालाची पुरचुंडी. वारंगा फाट्यावरच्या या स्पेअर पार्टच्या दुकानात माणसं गाडीचं दुखणं घेऊन येतात, स्वतःचं नाही. त्यामुळं जाहेदाबी दचकलीच.

"या अल्ला! संतरामभाऊ, हे काय झालं?"

"पाणी द्या आधी, भाभी. मग सांगतो."

पाणी पिऊन त्यानं काउंटरवर पुरचुंडी सोडली. आत बोटाएवढा एक बोल्ट होता. त्याच्या गळ्यात स्प्रिंगचं वायसर होतं, एका जागी चिरलेल्या बांगडीसारखं. वायसर नवंकोरं होतं, आणि ते आपल्याच दुकानातलं आहे हे जाहेदाबीनं लांबूनच ओळखलं. शनिवारी संतरामचा मुलगा मुन्ना पुढच्या दोन चाकांचे ब्रेक पॅड घेऊन गेला, तेव्हा तिनं चार वायसरं बरोबर दिली होती. जुनी परत वापरू नको, असंही बजावलं होतं.

नवरा फकीर मिस्त्री गेल्यापासून दुकान ती एकटीच बघते. लोक तिला पार्ट विचारायला येतात आणि निदान घेऊन जातात. हातात आलेला तुकडा उलटासुलटा करून गाडी कशानं बिघडली ते ती सांगते, आणि सहसा चुकत नाही. चुकली तर मात्र चार दिवस तिला जेवण गोड लागत नाही.

संतरामनं सांगितलं ते असं. अधिक महिना चालू आहे, म्हणून सोमवारी नवरा-बायको औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले. गाडी मुन्ना चालवत होता. औंढ्याच्या अलीकडच्या उतारावर शेळ्या आडव्या आल्या, मुन्नानं ब्रेक दाबला, तर पेडल भसकन तळाला जाऊन टेकलं. पोरानं डोकं ठिकाणावर ठेवलं आणि गाडी बाजूच्या नांगरलेल्या रानात घातली. मऊ मातीत ती रुतली म्हणून तिघं वाचले. खाली वाकून पाहिलं, तर डाव्या चाकाच्या आत कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्कला चिमटा घेणारा तो लोखंडी पंजा, एकाच बोल्टावर लोंबकळत होता. तेलाची नळी तुटलेली. खालचा बोल्ट रस्त्यात कुठं गळून पडला ते नागनाथालाच ठाऊक.

"वरचा तेवढा सापडला. हाताच्या चिमटीनं निघाला, भाभी! नवं काम, परवाच केलेलं. असा आपोआप सुटंल का? कुणीतरी खोलला. अन् कुणी, ते बी मला म्हाईत हाय."

"कुणी?"

"सद्दाम."

जाहेदाबीच्या हातातला पेला हातातच राहिला. सद्दाम संतरामच्या गल्लीतलाच. चार वर्षं त्याचीच गाडी चालवतो, औंढ्याला भाविकांच्या फेऱ्या करतो. गेल्या महिन्यात एसटीत ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा तो पेढे घेऊन याच काउंटरशी उभा होता. आता फक्त चारित्र्याची पोलीस पडताळणी बाकी होती. गुरुवारी ठाण्याचे जमादार त्यासाठीच गावात येणार होते.

संतरामनं खिशातून घडी केलेला कागद काढला. "तक्रारीचा अर्ज. जमादाराच्याच हातात देतो. आमाला मारायला निघालेला माणूस उद्या पन्नास जणांची गाडी हाकंल, व्हय?"

त्या कागदानं काय होईल हे समजायला वकील नको होता. सद्दामची नोकरी हातात येण्याआधीच गेली असती.

"पण तो काहून करंल असं?"

"मी म्हणलो व्हतो, अधिक महिना हाय, गर्दी हाय, एवढा महिना काढ अन् मग जा नोकरीवर. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. बरं, तेवढ्यावर मी बोलून न्हाई राहिलो. सोमवारी सकाळी आमच्या घरच्यांनी त्याला डाव्या चाकापाशी बसलेला पाहिला. हातात पाना. मग येऊन मला म्हणतो, मामा, आज गाडी काढू नका. मी म्हणलो, मग तू चल चालवायला. तर म्हणला, मला हिंगोलीला जायचंय." संतराम पुढं झुकला. "आता तुमीच सांगा भाभी. गाडीला काय होणार, ते त्याला आधीच कसं म्हाईत?"



२

"तुमी जमादारासमोर एवढंच सांगा, की बोल्ट मुद्दाम खोललेला हाय," संतराम जाताना म्हणाला होता. "पार्टाच्या बाबतीत तुमचा शब्द चालतो."

"गाडी बघितल्याबिगर मी काही सांगत न्हाई. अन् बोल्ट माझ्यापाशी राहू द्या."

संतरामनं बोल्ट ठेवला, पण दारातून वळून म्हणाला, "बघा. मात्र लोक म्हणू नयेत, भाभीनं आपल्यातल्या पोराला पाठीशी घातलं."

हे बोलणं तिला लागलं. पण त्यात एक गोष्ट खरीही होती. तिनं नुसतं सद्दाम निर्दोष आहे असं सांगून चालणार नव्हतं. जे सांगायचं ते चार माणसांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

दुपारी ती रिक्षानं गावात पोचली. गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणून संतरामच्या अंगणात लिंबाखाली उभी केली होती. त्याची बायको मंजुळाबाई, तिनं चहा आणला. बाईच्या अंगाला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं.

"मंजुळाबाई, सद्दामच्या हातात पाना होता म्हणता. कसला पाना?"

"आता पान्यातलं मला काय कळतंय, बी? फुलीसारखा व्हता. चार टोकांचा."

"अन् चाक काढलेलं होतं?"

"न्हाई, न्हाई. चाक जाग्यावरच. बाहेरूनच काहीतरी करून राहिला व्हता. मला बघून लपला बी न्हाई. रामराम घातला की."

जाहेदाबीनं चहाचा घोट घेतला आणि विषय बदलला. "रविवारी धोंड्याचं जेवण होतं ना तुमच्याकडं? जावई आले होते?"

मंजुळाबाईचा चेहरा एकदम उजळला. लेक कोमल आणि जावई सुदाम कनेरगाव नाक्याहून सकाळीच आले होते. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, जावयाला नवे कपडे, सगळं यथासांग झालं. फक्त एका गोष्टीनं तिच्या जिवाला घोर लावला होता.

"आले अन् बसले की गाडीखाली! कनेरगावला पाइपाचं दुकान हाय ना त्यांचं, हाताला सवय. मुन्नानं आणलेले पॅड पाहिले अन् म्हणले, गॅरेजला काहून जाता, मी बसवतो, मोबाइलवर पाहिलंय. आता अधिकातला जावई म्हणजे देवाच्या जागी, अन् जावयाचे हात कोपरापर्यंत काळे! शेजारपाजारच्या बाया बघून राहिल्या. मी दोनदा हाक मारली, आंघोळीचं पाणी निवून राहिलं म्हणून. एक चाक झालं व्हतं, दुसरं चालू व्हतं. शेवटी आमच्या ह्यांनीच जावयाला दंडाला धरून उठवलं. त्यात सणाच्या दिवशी हे मुन्नावर खेकसले. पाव्हण्यांच्या देखत पोराचं तोंड एवढंसं झालं."

"काहून खेकसले?"

"काय म्हाईत. मी चुलीपाशी व्हते. लेकरू पाना घेऊन उभं व्हतं, एवढं दिसलं."

जाहेदाबीनं कप खाली ठेवला, मुन्नाला हाक मारली आणि उजवं चाक काढायला सांगितलं.

"उजवं, चाची? बिघाड तर डाव्यात हाय."

"म्हणूनच."

मुन्ना चोवीस वर्षांचा, शेतातला ट्रॅक्टर तोच बघायचा. त्यानं चाक काढलं. आतल्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट जागेवर होते. जाहेदाबीनं पदर खोचला, पाना लावला आणि जोर केला. बोल्ट हलेना. मग तिनं पान्याला लोखंडी पाइप जोडायला लावला आणि मुन्नानं अंगाचा भार टाकला, तेव्हा कुठं कट्‌ असा आवाज होऊन तो सुटला. त्याचं वायसर तिनं तळहातावर घेतलं. पिशवीतून डाव्या चाकाचा बोल्ट काढून त्याचं वायसर शेजारी ठेवलं, आणि लिंबाच्या सावलीतून उठून उन्हात गेली. बराच वेळ ती दोन्हीकडं पाहत होती.

परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हा बोल्ट परत आवळ, मुन्ना. जीव लावून आवळ."

त्यानं आवळला. मग हात पुसला आणि पुन्हा एकदा पाना लावून पाहिला. एकदा आवळलेलं दुसऱ्यांदा बघायची त्याला सवयच होती.

"रविवारी डावं चाक कोणी चढवलं?"

"मी," मुन्ना म्हणाला. त्यानं ओसरीवर बसलेल्या बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. 

३

सद्दाम घरीच होता. कागदांची प्लास्टिकची थैली मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. त्याची आई मुन्नी दारात गहू निवडत होती, पण सुपात खडा किती आणि गहू किती याकडं तिचं लक्ष नव्हतं.

"खाला, तुमी तरी मानू नका असं," सद्दाम म्हणाला.

"मी काय मानते ते राहू दे. तू गाडी काढू नका म्हणालास. काहून?"

"रविवारी संध्याकाळी मुन्ना जावयाला अन् कोमलताईला फाट्यावर सोडून परत आला. मी इथंच बसलो होतो. गाडी गल्लीत खड्ड्यांतून आली की डाव्या चाकात टक-टक वाजायचं, अन् ब्रेक दाबला की आवाज बंद. मला ते बराबर वाटलं न्हाई. सकाळी फुलीचा पाना घेऊन चाकाचे नट पाहिले. सगळे टाइट. म्हणजे खराबी आत होती. पण आतलं बघायला चाक उतरवावं लागतं, अन् मालकाला इचारल्याबिगर मी त्यांच्या दारात गाडी कशी खोलणार?"

"मग सांगितलंस?"

"सांगितलं की. मामा, आज गाडी काढू नका, आधी गॅरेजला दाखवा. तर माझ्यावरच चिडले. म्हणले, आमच्या जावयानं केलेल्या कामाला नावं ठेवतो व्हय? आता म्हणून राहिले, चालवायला ये म्हणलो तर आला न्हाई. मला हिंगोलीला कागद तपासायला बोलावलं होतं. ही बघा चिठ्ठी, सोमवारचीच तारीख हाय."

जाहेदाबीला एवढं कळलं, की संतरामनं तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती. सद्दामनं गाडी काढू नका म्हटलं, ते त्यानं सांगितलं. त्यावर स्वतः काय बोलला, ते गाळलं.

"आवाजाचं हे चार लोकांत काहून बोलला न्हाईस?"

सद्दामनं चिठ्ठी थैलीत परत ठेवली. "बोललो तर बोट जावयाकडं जाईल ना, खाला. लोक म्हणतील, आपली मान सोडवायला दुसऱ्याच्या जावयाची अडकवली. कोमलताईनं मला दरसाल राखी बांधलीय. तिच्या संसारात मी बिब्बा घालू का?"

मुन्नीनं सूप बाजूला ठेवलं. "ह्यो असाच बोलून राहिला कालपासून. दोन वर्षं पोरगं भल्या सकाळी उठून अभ्यास करत होतं, बी. आता म्हणतो, नशिबात नसंल."

जाहेदाबीला त्याचा राग आला आणि भरूनही आलं. एवढा चांगुलपणा माणसाला जड जातो. तिनं तिथंच बसून सुदामला फोन लावला. सुदामला अपघाताचं कळलं होतं, पण बोल्टाचं कुणी सांगितलं नव्हतं. जावयाला असलं कोण सांगणार?

"बोल्ट? आवळले की," सुदाम सहज म्हणाला. "उजव्या चाकाचे तर मी चांगले लटकून आवळले. अन् डाव्याचे..."



"डाव्याचे काय, सुदामराव?"

"डाव्याचे मी हातानं चढवून ठेवले होते, वायसर घालून. पाना तिथंच ठेवला अन् आंघोळीला उठलो. मुन्ना होता ना तिथं. त्यानं आवळले असतील." मग आवाज एकदम बारीक झाला. "आवळले ना त्यानं?"

४

बुधवारी गिऱ्हाईक कमी होतं आणि जाहेदाबीचं डोकं जास्त चालत होतं. एक मात्र आता पक्कं होतं. बोल्ट कुणी खोललाच नव्हता, तो कधी आवळलाच गेला नव्हता. सुदामला वाटलं मुन्ना आवळेल, मुन्नाला वाटलं दाजींनी आवळलेत. घरच्या घरी केलेल्या कामात हेच होतं. गॅरेजात एका चाकाला एक माणूस असतो आणि शिव्या खायलाही तोच असतो. अंगणात चार हात लागतात, मधे चहा होतो, जेवण होतं, पाहुणे येतात. बोल्ट बोटांनी फिरवून बसवला की वरून अगदी पूर्ण बसल्यासारखा दिसतो. शेवटचा पाऊण फेर, ज्याला पाना आणि दंड लागतो, तो राहिला तरी डोळ्याला कळत नाही.

पण एक गोष्ट तिच्या मनात बसत नव्हती. मुन्नाला तिनं काल काम करताना पाहिलं होतं. आवळलेला बोल्ट पुन्हा पान्यानं बघणारं हे पोरगं. ते न विचारता, न तपासता चाक कसं चढवेल? शिवाय मंजुळाबाईनं त्याला पाना घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. म्हणजे आवळायला तो गेला होता. मग पाना खाली ठेवायला त्याला कुणी लावलं?

उत्तर तिला दिसत होतं, पण ते आवडत नव्हतं. ज्याच्या खिशात तक्रारीचा अर्ज होता, त्याच्याच दाराशी ते जाऊन थांबत होतं. हे उत्तर तिनं सांगितलं असतं, तर संतरामनं ते कधीच मान्य केलं नसतं. ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

तिनं कपाटातून तेल जाण्याची नवी नळी, दोन बोल्ट आणि मूठभर नवी वायसरं काढून पिशवीत भरली.

५

गुरुवारी दहाच्या सुमाराला जमादार अमृतराव मोटारसायकलवरून आले. संतरामच्या अंगणात बाज टाकलेली होती. गल्लीतली चार माणसं आधीच येऊन बसली होती. सद्दाम कागदांची थैली घेऊन फाटकाशी उभा होता, आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. सुदाम आणि कोमल पहिल्याच बसनं येऊन पोचले होते. सुदामचा चेहरा उतरलेला होता आणि मंजुळाबाई त्याला तिसऱ्यांदा चहा विचारत होती.

संतरामनं अर्ज पुढं केला. अमृतरावांनी वाचला आणि भुवई उंचावली. "हे गंभीर हाय. बोल्ट खोलला, याला पुरावा काय?"

"ह्या भाभी सांगतील."

"सांगत न्हाई, दाखवते," जाहेदाबी म्हणाली.

तिनं पिशवीतून एक कोरं वायसर काढून जमादारांच्या हातावर ठेवलं. "नीट बघा. चिरलेली दोन्ही टोकं एकमेकांपासून वर-खाली हायेत. टोकाला धार हाय, वरचा चकचकीत मुलामा कुठं खरवडलेला न्हाई." मग दुसरं कोरं वायसर तिनं मुन्नाकडं दिलं. गाडीचं उजवं चाक उतरवून त्यानं आतला एक बोल्ट काढला, त्याला ते घातलं, पान्यानं पूर्ण आवळलं, आणि लगेच परत खोललं. तेही जमादारांच्या हातावर आलं. "आता हे बघा."

अमृतरावांनी चष्मा चढवला. दुसऱ्या वायसराची टोकं दबून एका पातळीत आली होती. कडेला लोखंडात रुतल्याचे ओरखडे होते, मुलामा निघून खालचं काळं दिसत होतं.

"बोल्ट एकदा आवळला की वायसराला दात बसल्याची खूण राहते. मग तो कुणी हजारदा खोलू द्या, खूण जात न्हाई." तिनं रुमालातला बोल्ट सोडवला. "अन् हा अपघातातला. ह्याचं वायसर ह्या दोघांतल्या कुणासारखं हाय, ते तुमीच सांगा. मी कशाला बोलू? मी म्हणजे सद्दामच्यातलीच ना."

संतरामनं नजर चुकवली. वायसर हातोहात फिरलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या खेमानंसुद्धा ते डोळ्याजवळ धरून पाहिलं. टोकं वर-खाली, धार शाबूत, मुलामा कोरा.

"हे कधी आवळलेलंच न्हाई," खेमा म्हणाला.

"बराबर. जे आवळलंच न्हाई, ते खोलायचं कुणी अन् काहून? सद्दामच्या हातात चाकाच्या नटाचा फुलीचा पाना होता. तो ह्या बोल्टाला लागतच न्हाई, अन् चाक काढल्याबिगर तिथं हातही पोचत न्हाई. मंजुळाबाईनं चाक जाग्यावर पाहिलंय. आवाज ऐकून त्यानं बाहेरचे नट तपासले, अन् मग येऊन सांगितलं, गाडी काढू नका. आधी म्हाईत होतं ते असं."

अंगणात कुजबुज सुरू झाली. सुदाम एकदम उभा राहिला.

"चूक माझी हाय, साहेब. मी बोल्ट हातानं चढवले अन् आंघोळीला उठलो. मुन्ना आवळंल असं धरून चाललो, पण त्याला सांगितलं न्हाई. जेवण झाल्यावर नवे कपडे अंगात, मग मी तिकडं फिरकलोच न्हाई."

"दाजी, चूक माझी हाय," मुन्ना म्हणाला. "चाक तर मी चढवलं."

"थांबा," जाहेदाबी म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "मुन्ना, तू पाना घेऊन उभा होतास. तुझ्या आईनं पाहिलं. ट्रॅक्टरचा बोल्ट दोनदा बघणारा तू. मग त्या दिवशी पाना ठेवलास काहून?"

मुन्ना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. त्यानं वर पाहिलं नाही. बापाचं नाव तो घेणार नव्हता, हे अंगणात सगळ्यांना दिसत होतं. सद्दामनं जावयाचं नाव घेतलं नव्हतं, आता मुलगा बापाचं घेत नव्हता. सगळे एकमेकांची अब्रू धरून गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्यातूनच गाडी रानात गेली होती.

संतराम बाजेवरून हळूच उठला.

"मीच ठेवायला लावला," तो म्हणाला.

मंजुळाबाईनं तोंडाला पदर लावला.

"पोरगं म्हणत व्हतं, दाजींना इचारून येतो, आतले बोल्ट आवळले का. मी त्याच्यावर खेकसलो. म्हणलो, धोंड्याला आलेल्या जावयाला जाब इचारतो व्हय? त्यांनी काम केलंय म्हणजे झालंच असंल. गप चाक चढव." त्यानं गळ्यात अडकवलेला हात सावरला. "अन् ते मी इसरलो बी न्हवतो. परवा रात... न्हाई, त्या रानात पडलो तेव्हाच आठवलं व्हतं. पण ते आठवून घ्यायला जीव धजला न्हाई. सद्दामचं नाव घेणं सोपं व्हतं."

 सुदाम पुढं आला आणि सासऱ्याच्या पायाला हात लावायला वाकला, तसा संतरामनं त्याला डाव्या हातानं मधेच अडवलं.

"पाया नका पडू, जावईबापू. बाह्या सारा. भाभीनं सामान आणलंय, डावं चाक बसवून टाका. बोल्ट आवळा, अन् मुन्ना, तू त्यांना समोरासमोर इचार. तेवढ्यानं कुणाची इज्जत जात असंल तर जाऊ द्या."

मंजुळाबाईनं या वेळी हाक मारली नाही. उलट जुनी सतरंजी आणून सुदामच्या गुडघ्याखाली टाकली. नळी बसली, तेल भरलं, मुन्नानं पेडल दाबून हवा काढली. सुदामनं दोन्ही बोल्टांवर दंडाचा जोर लावला, मानेवरची शीर फुगेपर्यंत.

"दाजी, आवळले का?" मुन्नानं विचारलं. विचारताना त्याचे कान लाल झाले होते.

"आवळले. तू बघ."

मुन्नानं पाहिलं. मग त्यानं फाटकाकडं पाहून पाना पुढं केला. सद्दाम आत आला, थैली बाजेवर ठेवली, खाली बसला आणि दोन्ही बोल्टांना एकेकदा जोर देऊन पाहिलं. पाना तसूभर हलला नाही.

अमृतरावांनी संतरामचा अर्ज त्याच्या हातात परत दिला आणि आपल्या पिशवीतून दुसरा छापील कागद काढला. "मी ज्या कामाला आलो ते करू द्या आता. सद्दामच्या वर्तणुकीबद्दल शेजाऱ्याचा जबाब लागतो. कोण देतं?"

खेमा पुढं सरकला, पण संतराम त्याच्या आधी बोलला.

"माझा लिवा."

"बोला. किती वर्षं ओळखता? वागणूक कशी?"

"जन्मल्यापासून वळखतो." संतराम सद्दामकडं पाहत होता, जमादारांकडं नाही. "ह्यानं मला सांगितलं व्हतं, गाडी काढू नका. मी शिव्या दिल्या. मग मी ह्याच्यावर बालंट घेतलं, तरी ह्यानं माझ्या जावयाचं नाव तोंडातून काढलं न्हाई. मला माफ कर, पोरा."

सद्दामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसलं, आणि बाहीचं ग्रीस गालाला लागलं. दारात येऊन उभी राहिलेली त्याची आई मुन्नी तेवढ्यातही हसली.

"हे सगळं ह्या रकान्यात बसत न्हाई, संतरामराव," अमृतराव म्हणाले. "चांगली, एवढंच लिहू का?"

"न्हाई. नुसतं चांगली नका लिवू." संतरामनं क्षणभर विचार केला. "असं लिवा, की हा ज्या एसटीवर असंल, त्या एसटीत मी माझी लेक डोळे झाकून बसवीन."

अमृतरावांनी पेन उचललं आणि रकान्याच्या बाहेर, समासात, ते शब्द जसेच्या तसे लिहिले.